वेलदोडा तिबेटात जाऊन आला

धरमशाळेच्या मेन-त्सी-खांग या तिबेटी वैद्यक संस्थेच्या औषधांत 'सुगमेल-१०' नावाची एक गोळी आहे. गारठ्याने कंबर धरणे, मूत्रपिंडाच्या जागी दुखणे, लघवी अडणे, मुतखडा अशा तक्रारींवर ती देतात. तिबेटी औषधांना नाव देण्याची रीत साधी आहे. मुख्य द्रव्याचे नाव घ्यायचे आणि त्यापुढे एकूण द्रव्यांचा आकडा लावायचा. म्हणजे दहा द्रव्यांच्या या गोळीची पाटिलकी सुगमेलकडे. आणि सुगमेल म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या मसाल्याच्या डब्यातला हिरवा वेलदोडा. संस्कृत वैद्यकग्रंथांतली 'सूक्ष्मैला' तिबेटी तोंडी आखडत गेली आणि तिची सुगमेल झाली.

वेलदोडा हे सावलीतले, दमट रानातले झाड. उत्तर कन्नडपासून केरळपर्यंतचा सह्याद्री हे त्याचे माहेर. लासा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, कोरडे आणि गार. या दोहोंमध्ये दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आणि शिवाय हिमालय. ज्या मुलखात या झाडाचे एक रोप जगणार नाही, तिथल्या वैद्यांनी त्याचे फळ एका अख्ख्या अवयवाचे मुख्य औषध ठरवले, ते कसे?

हा शोध दिल्लीच्या हिंदूराव टेकडीवरून सुरू करायला एक निमित्त आहे. टेकडीच्या दक्षिणेला, फतेहपुरी मशिदीलगत, खारी बावलीचा किराणा बाजार. तिथे वेलदोडा, हिरडा, गोखरू पोत्यांनी विकले जातात. टेकडीच्या ईशान्येला यमुनेकाठी मजनू का टिल्ला ही तिबेटी निर्वासितांची वसाहत. तिथे तिबेटी दवाखाने आहेत आणि तीच द्रव्ये गोळ्यांच्या रूपात मिळतात. दोन्ही ठिकाणे टेकडीपासून चार-पाच किलोमीटरच्या टप्प्यात. आणि मधोमध महापालिकेचे मोठे रुग्णालय, जिथे मुतखडा सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतो. कच्चा माल एका बाजूला, गोळी दुसऱ्या बाजूला. रिक्षाने तासाभरात होणारे हे अंतर कापायला वेलदोड्याला जवळजवळ हजार वर्षे लागली, कारण तो गुगे, लासा आणि धरमशाळेवरून आला.

टेकडीचे नाव मराठी आहे, हे रुग्णालयाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल? हिंदूराव घाटगे कागलचे. सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, म्हणजे दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. वडिलांनी १७९८ मध्ये पैशांच्या वसुलीसाठी पुणे शहर कसे पिळून काढले, त्या कहाण्या मराठी इतिहासात अजून वाचवत नाहीत. मुलाच्या वाट्याला मात्र निवांत हद्दपारी आली. १८३३ मध्ये बायजाबाईंची ग्वाल्हेरची सत्ता गेली. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा दिल्लीत खून झाला आणि त्याची टेकडीवरची कोठी हिंदूरावांनी विकत घेतली. १८५५ मध्ये ते वारले. दोनच वर्षांनी, १८५७ च्या लढाईत, त्यांच्या घराची इंग्रजांनी चौकी केली आणि ती राखायला सिरमूर पलटणीचे गुरखे बसवले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रुग्णालय उभे राहिले. घर, खून, लढाई, दवाखाना, सगळ्यांतून नाव तेवढे कागलकरांचे टिकले.

रुग्णालयाजवळच मीरतेहून फिरोजशहा तुघलकाने आणलेला अशोकस्तंभ आहे. स्फोटात त्याचे तुकडे झाले होते, १८६७ मध्ये तो जोडून पुन्हा उभा केला. अशोकाने जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणवून लावल्या, हे वाक्य अनेकांना आठवते. पण ते गिरनारसारख्या ठिकाणच्या शिलालेखांत आहे, या स्तंभावर नाही. मोह आवरून पुढे जावे हे बरे.

वेलदोड्याची लेखी वाट वाग्भटापासून धरता येते. 'अष्टांगहृदया'च्या चिकित्सास्थानातला अकरावा अध्याय मूत्राघातावर, म्हणजे लघवीच्या विकारांवर आहे. त्यात सूक्ष्मैला मद्याबरोबर किंवा आवळ्याच्या रसाबरोबर घ्यायला सांगितली आहे. गोखरूही आहे. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा फेरफार तिथेच होतो. जुन्या आयुर्वेदात लघवी मूत्रपिंडात तयार होत नाही. सुश्रुत सांगतो, कोरा घडा तोंडापर्यंत पाण्यात ठेवला तर तो जसा बाजूंनी पाझरून भरतो, तशी बस्ती, म्हणजे मूत्राशय, असंख्य सूक्ष्म नाड्यांतून भरते. मूत्रपिंडांना 'वृक्क' हे नाव आहे, पण चरक त्यांचा संबंध लावतो तो मेदाशी. म्हणजे लघवीचा त्रास हा बस्तीचा आणि वाहिन्यांचा त्रास, आणि वेलदोडा हे त्या त्रासाचे औषध. वृक्काशी त्याची ओळखही नाही.

हाच ग्रंथ आपल्याकडे कसा जपला गेला, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री आपल्याला ठाऊक असतो तो देवळांमुळे आणि मोडीमुळे. त्यातल्या निम्म्या गोष्टी दंतकथेत जमा होतील. पण अष्टांगहृदयावरची 'आयुर्वेदरसायन' ही त्याची टीका खरीखुरी आहे. १८८० मध्ये डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी मुंबईतून अष्टांगहृदय संपादून काढले, तेव्हापासून हा ग्रंथ वैद्यांच्या फडताळात आला. मराठी वैद्याला वाग्भट घरचा वाटतो तो यामुळे. गंमत अशी की हेमाद्रीने लेखणी उचलली त्याच्या दोनशे वर्षे आधीच वाग्भट हिमालय ओलांडून गेला होता.

तो गेला पश्चिमेकडून. आजच्या किन्नौर-स्पितीच्या पलीकडे गुगे नावाचे राज्य होते. तिथला रिनचेन झांगपो (९५८–१०५५) हा अनुवादक काश्मिरात शिकून आला होता. जनार्दन नावाच्या भारतीय पंडिताबरोबर त्याने अष्टांगहृदय आणि त्यावरची चंद्रनंदनाची 'पदार्थचंद्रिका' ही टीका तिबेटीत आणली. बौद्ध सूत्रांचे अनुवाद करणाऱ्या माणसाने लघवीच्या विकारांवरचे अध्यायही तितक्याच निगुतीने उतरवले. दोन्ही ग्रंथ तेंग्युर या तिबेटी संग्रहात आहेत. विसाव्या शतकात क्लाउस फोगेल या जर्मन विद्वानाने पहिले पाच अध्याय तिबेटी आणि संस्कृत समोरासमोर ठेवून १९६५ मध्ये छापले. त्यावरून दिसते की अनुवादकांनी द्रव्यांच्या नावांशी चेष्टा केली नव्हती. काही नावांचा अर्थ लावला, काही तशीच उचलली. सूक्ष्मैला उचललेल्यांत गेली, कारण तिबेटात तिला म्हणायला दुसरे नावच नव्हते.

बाराव्या शतकात युथोक योंतेन गोंपो या वैद्याच्या हातून 'ग्युशी' म्हणजे चार तंत्रे सिद्ध झाली, १५६ अध्यायांची. वाग्भटाचे ऋण त्यात पानोपानी आहे. वात, पित्त, कफ तिथे आहेतच. पण चिनी नाडीपरीक्षा आहे, ग्रीक-अरबी वळणाची लघवीची तपासणी आहे आणि या सगळ्याला पठाराच्या हवेप्रमाणे घातलेली मोडणी आहे. या मोडणीत वेलदोड्याला नवा पत्ता मिळाला.

तिबेटी वैद्यकात 'सहा उत्तमे' म्हणून एक संच आहे. प्रत्येक उत्तम द्रव्याला एक अवयव नेमून दिलेला. जायफळ हृदयाचे, लवंग प्राणवाहिनीची, केशर यकृताचे, वंशलोचन फुफ्फुसाचे, मोठी वेलची प्लीहेची, आणि सुगमेल, आपला वेलदोडा, मूत्रपिंडांचा. या सहांतले बहुतेक तिबेटाबाहेरचे. जायफळ-लवंग तर थेट मोलुक्काच्या बेटांवरची. सहांपैकी तिघांची गाठ आपल्याला श्रीखंडात पडते. बस्ती आणि नाड्यांच्या त्रासावर फिरणारा वेलदोडा इथे वृक्काच्या नावावर चढला. पाच घन अवयवांत मूत्रपिंडे आली, त्यांच्या रोगांचा वेगळा विचार झाला, आणि लघवी अडणे, लघवी वारंवार होणे हे रोग वेगळ्या जागी गेले. मूत्रपिंडाचे रोग कशाने होतात? ओल्या जागी बसल्याने, गारठ्याने, जड ओझी उचलल्याने, पडल्याने. याक हाकणाऱ्या, नद्या पायी ओलांडणाऱ्या, बर्फात तंबू ठोकणाऱ्या माणसांची ही यादी आहे. वाग्भटाच्या सिंध-काश्मिरी वाचकाची ती नाही.

आणि इथेच मला या गोष्टीतली सगळ्यांत रसाळ गाठ दिसते. ग्युशीप्रमाणे सुगमेल मूत्रपिंडाचा 'थंड' रोग घालवतो. म्हणजे तो ऊब देणारा. आता सोळाव्या शतकातला भावप्रकाश उघडा. तिथे सूक्ष्मैला मूत्रकृच्छ्रावर, म्हणजे लघवीला त्रास होण्यावर, सांगितली आहे, चवीला तिखट, पण गुणाने शीत. तीच शेंग, तोच भाग, तीच लघवीची तक्रार; एकीकडे गार, दुसरीकडे गरम.

आपल्या घरांनी भावप्रकाशाची बाजू घेतली आहे. चैत्र-वैशाखात लघवीला आग होऊ लागली की आई-आजी म्हणतात, उन्हाळी लागली. मग धन्या-जिऱ्याचे पाणी, वाळा घातलेले माठातले पाणी, सब्जा, शहाळे, खडीसाखर आणि वेलदोड्याची पूड. पन्ह्यात वेलदोडा पडतो तो नुसता वासासाठी नाही. इथे शत्रू ऊन आहे, शरीरातले पाणी आटते, लघवी गडद आणि जळजळीत होते, म्हणून जे जे चवीला सुगंधी आणि घशाला सुखद ते ते 'थंड' ठरते. पठारावर शत्रू गारठा. तिथे कंबरेतून कळ येते ती थंडीने, वारंवार उठावे लागते ते थंडीने, म्हणून तिखट सुगंधी शेंग 'गरम' ठरते. वेलदोड्याच्या अंगच्या तेलात या वादाचा निकाल सापडेल असे मला वाटत नाही. दोन्हीकडच्या वैद्यांनी शेंग चाखली असेल, पण तिला गुण दिला तो आपापल्या हवामानाने.

गोखरूची गोष्ट याहून कमी बोलकी पण जास्त सरळ आहे. देशावर शेतात अनवाणी गेलेल्याच्या टाचेत जो सराटा मोडतो, तोच गोखरू. दशमुळात तो आहे आणि लघवी साफ करणारा म्हणून त्याचा काढा अजून दिला जातो. तिबेटीत त्याला 'सेमा' म्हणतात आणि काम तेच, अडलेली लघवी मोकळी करण्याचे. त्याच्या जोडीला तिबेटी वैद्य खेकडाही वापरतात, गोड्या पाण्यातला, वाळवून. 'युंगवा-४' या औषधात हळद, दारुहळद, आवळा आणि सराटा एकत्र येतात. ते वारंवार लघवीच्या म्हणजे प्रमेहाच्या बाजूचे. ही चार नावे एखाद्या कोकणी वैद्याला सांगितली तर तो ती घरचीच समजेल. म्हणून 'तिबेटी जडीबुटी' हा शब्द ऐकला की मी थोडा सावध होतो. या औषधांतली वनस्पती पुष्कळदा आपल्याच बांधावरची निघते. तिबेटी आहे ती तिची नेमणूक: कोणत्या अवयवासाठी, गारठ्यावर की उष्णतेवर, कोणाच्या संगतीत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी.

वनस्पती पुस्तकांबरोबर जात नाहीत, त्यांना वाहणारे लागतात. लडाख, किन्नौर, कुमाऊँ आणि नेपाळच्या खिंडींतून शतकानुशतके खाली मीठ, लोकर, कस्तुरी आणि टाकणखार येत राहिला. सोनाराच्या मुशीत जाणारा जुना टाकणखार तिबेटी सरोवरांचा. वर गेले धान्य, कापड, साखर आणि मसाले. अवयवांची उत्तमे ठरवणाऱ्या वैद्याचा खिसा या व्यापाऱ्यांवर अवलंबून होता. सुगमेल त्याच्याकडे दुर्मिळ, परका आणि महाग माल म्हणून पोचला, आणि त्याची प्रतिष्ठा वाढायला तेही एक कारण झाले असावे. आपल्याकडे जो चहात ठेचून टाकतात त्याला तिथे केशराच्या पंगतीत बसवले.

सतराव्या शतकात देसी सांग्ये ग्यात्सो (१६५३–१७०५) या राजप्रतिनिधीने ग्युशीवर 'नीलवैडूर्य' ही टीका लिहिली आणि तिला जोडून ७९ वैद्यकीय पटचित्रांची मालिका करून घेतली. कधी न पाहिलेली झाडे चित्रकारांनी त्यांत रंगवली आहेत. १६९६ मध्ये लासाच्या टेकडीवर चाकपोरी हे वैद्यक विद्यालय निघाले, १९१६ मध्ये ख्येनराब नोर्बू यांच्या हाताखाली मेन-त्सी-खांग. मार्च १९५९ मध्ये चाकपोरी तोफांखाली गेले. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, धरमशाळेत संस्था पुन्हा उभी राहिली.

निर्वासित झाल्यावर तिबेटी औषधशाळेची अडचण उलटी झाली. लासात दुर्मिळ असलेला वेलदोडा, हिरडा, गोखरू आता अमृतसरच्या आणि दिल्लीच्या बाजारात पोत्याने मिळू लागला. पण पठारावर चार पावले गेल्यावर हाताला लागणाऱ्या उंचावरच्या वनस्पती आणि तिकडचे क्षार मिळेनात. हिमाचल आणि लडाखच्या डोंगरांतून त्या गोळा करायला वैद्यांना मोहिमा काढाव्या लागल्या. हजार वर्षे ज्याची वाट पाहायची तो माल दाराशी आला आणि दारातला माल परका झाला. हिरड्याचेच पाहा. भैषज्यगुरू बुद्धाच्या हातात हिरड्याची डहाळी असते, आणि मूत्रपिंडाच्या 'अरू-१८' या औषधात अरू म्हणजे हिरडाच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा वेचून विकतात, त्यांच्या मालाचा भाव पडला तर पुणे जिल्ह्यात मोर्चे निघतात. त्या हिरड्याला बुद्धाच्या हातात एवढा मान आहे, हे त्यांच्यापर्यंत बहुधा पोचलेले नसावे.

मजनू का टिल्ल्याला जायचे तर विधानसभा मेट्रो स्थानकावर उतरून रिक्षा धरतात. तिबेटी वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहतो. परंपरेप्रमाणे सकाळची पहिली लघवी पात्रात घेऊन, काडीने घुसळून, रंग, वाफ, बुडबुडे आणि तवंग पाहायचे असतात. वाग्भटाकडे हे नाही. आपल्याकडे ते उशिरा आले. पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेल्या 'योगरत्नाकरा'त लघवीवर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो ते पाहायला सांगितले आहे. गोळ्या गडद, गोल आणि कडक असतात. त्या फोडून गरम पाण्याबरोबर घ्यायच्या, वेळा ठरलेल्या.

या उपचाराला सरकारी ओळख मिळाली ती २०१० मध्ये, भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद कायद्यातल्या दुरुस्तीने. तेव्हापासून 'सोवा रिग्पा', म्हणजे हे तिबेटी वैद्यक, आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या पंगतीत आहे. त्याआधी, २००१ मध्ये, दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी तिबेटी वैद्यांबरोबर मधुमेहाच्या रुग्णांवर केलेली एक चाचणी 'डायबेटीस केअर' या नियतकालिकात आली होती. आहार आणि व्यायामाच्या जोडीला युंगवा-४, अरू-१८, क्युरा-६ आणि सुगमेल-१९ यांपैकी औषधे देऊन पाहिली आणि निष्कर्ष औषधांच्या बाजूने निघाला. पण तो मधुमेहाबद्दल आहे. सुगमेल-१० मुतखडा विरघळवते, असे त्यावरून कोणी सांगत असेल तर ते कागदात नाही.

दुसऱ्या पारड्यातही एक वजन टाकायला हवे. १९९३ मध्ये ब्रुसेल्समधल्या वैद्यांनी वजन उतरवायला चिनी वनौषधी घेतलेल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे जाहीर केले. दोष निघाला ॲरिस्टोलोकिया या वेलीच्या आम्लाचा. चुकीची मुळी मिसळली गेली होती. याच कुळातल्या वेली तिबेटी औषधांत 'बालेका' या नावाने वापरात आल्या आहेत, आणि आपल्याकडचे सापसन, म्हणजे ईश्वरी, हेही त्याच कुळातले. वेलदोड्यावर यातला कसलाही आरोप नाही. पण मूत्रपिंडाच्या औषधात काय काय आहे हे विचारायचा रुग्णाला हक्क आहे, मग ते औषध धरमशाळेचे असो की कोपऱ्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातले. लघवी पूर्ण अडली, ताप भरला, रक्त दिसले, तर हिंदूराव टेकडीवरच जावे.

राहता राहिला तो गार-गरमचा प्रश्न, आणि दिल्लीत तो पुस्तकी राहत नाही. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि मुतखड्याचे रुग्ण वाढतात, कारण घामाने पाणी जाते आणि लघवी घट्ट होते. गारठ्यासाठी रचलेली गोळी या उन्हात काय करणार? तिबेटी वैद्याला हा पेच पडत नाही. त्याच्या शास्त्रात मूत्रपिंडाचे रोग अनेक, आणि वेलदोड्याची गोळी त्यांतल्या थंड रोगांसाठी. रोग कोणता, ते आधी नाडी आणि लघवी सांगणार. म्हणजे उन्हाळी लागलेला एखादा पुणेकर वैशाखात मजनू का टिल्ल्याला गेला, तर जो वेलदोडा त्याच्या आईने पन्ह्यात घातला असता, तोच त्याला तिथे बहुधा नाकारला जाईल.